वृद्धा, चिंता, चार

आमच्या ऑफिसात मला कात्री म्हणतात. ते माझ्या कामामुळे, असं मी नव्या माणसांना सांगते, पण त्यांनी माझी जीभही हिशेबात धरली असणार. वर्तमानपत्राच्या फोटो विभागात मला एकोणीस वर्षं झाली. फोटो काढणारे वेगळे असतात. ते उन्हातान्हात हिंडतात, गर्दीत कोपरं खातात आणि संध्याकाळी शंभर-दोनशे फोटो माझ्या पुढ्यात आणून ओततात. त्यातला एक निवडायचा, कडा कापायच्या, लागेल तसा उजळ किंवा गडद करायचा आणि पानावर बसवायचा, हे माझं काम. मागच्या रिकाम्या खुर्च्या कापल्या की सभा तुडुंब भरते. पुढारी शिंकायच्या बेतात असताना टिपला गेला, तर लोकांना वाटतं, बिचाऱ्याला गहिवरून आलं. मी फोटोत पदरचं कधी काही घातलं नाही, फक्त नको ते काढून टाकलं, असं मी मान ताठ करून सांगत असे.

या धंद्यात एक कायमची अडचण आहे. बातमी असते आणि तिला चेहरा नसतो. ऊन वाढलं, महागाई वाढली, पेन्शन अडकली. फोटो कुणाचा लावायचा? पूर्वी बाहेरून विकतचे फोटो घेत. त्यातली माणसं इतकी गुळगुळीत असत, की त्यांना कसली चिंता असेल यावर कुणाचा विश्वास बसू नये. म्हणून चार वर्षांपूर्वी संपादकांनी फर्मान काढलं, की शनिवारी सकाळी प्रत्येकाने घरची एक-दोन माणसं घेऊन यायची. जिन्याशेजारच्या मोठ्या खिडकीपाशी खुर्ची मांडली, फोटोग्राफर काकांनी कॅमेरा लावला आणि आम्ही चेहऱ्यांचा साठा करून ठेवला. जाहिरात विभागातल्या एकाचा मेहुणा ‘बेरोजगार तरुण’ झाला. तो चांगला बँकेत होता. आमच्या शिपायाची बायको ‘गृहिणी, आनंदी’ झाली, आणि त्या दोघांचं सकाळीच कडाक्याचं वाजलं होतं. असा फोटो छापताना खाली बारीक अक्षरांत ‘प्रातिनिधिक छायाचित्र’ लिहायचं. तेवढं लिहिलं की आपण सुटलो, असा सगळ्यांचा समज होता. माझाही होता.

मी आईला नेलं होतं. दादाने तिला स्कूटरवरून आणून सोडलं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो नळदुरुस्तीची कामं करतो, आणि बाबा गेल्यापासून आई त्याच्याकडे असते. आई ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून बसवून आली होती. काका म्हणाले, “आजी, जरा काळजीत दिसा.” आई आणखीच हसायला लागली. वीसेक फोटोंत ती नुसती हसतेय. मग सगळं आवरलं. दादा अकराला न्यायला येणार होता, त्याला वीस मिनिटं उशीर झाला. कुणाकडे तरी पाइप फुटला होता. आई त्याच खुर्चीवर बसून खाली रस्त्याकडे बघत राहिली. मी तिला पाणी द्यायला गेले तेव्हा म्हणाली, “पडला-बिडला नसेल ना गं कुठे?” तेवढ्यात काकांनी एक टिपला. साठ्यातला तो सगळ्यात चांगला फोटो निघाला. संगणकात त्याचं नाव पडलं ‘वृद्धा, चिंता, चार’.

मग आई छापून यायला लागली. उन्हाच्या बातमीत आली, मोतीबिंदूच्या शिबिरात आली, कधी रांगेत उभी न राहता पेन्शनच्या बातमीत आली. घरी सगळ्यांना मोठी गंमत वाटायची. दादा सकाळी पेपर उघडून ओरडायचा, “आई, आज तुला मोतीबिंदू झालाय!” आई म्हणायची, “मागच्या आठवड्यातल्या उष्माघातातून वाचले, हेच खूप.” मी मात्र हळूहळू त्या फोटोकडे आई म्हणून बघेनाशी झाले. सांगायला लाज वाटते, पण तसं झालं खरं. ‘वृद्धा’ टाइप केलं की आधी तोच फोटो समोर यायचा. दिव्याचं बटण दाबावं तसा मी तो दाबत असे.

दरम्यान आई विसरायला लागली होती. आधी वार विसरली, मग दूध उतू गेलेलं विसरली, मग शेजारणीचं नाव. डॉक्टरांनी सांगितलं, “हे वाढत जाणार. तिच्याशी वाद तेवढा घालू नका.” दादाने दोन महिन्यांत घर बदलून टाकलं. न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, नळांना लाल-निळ्या खुणा केल्या, आणि आई एकटीच बाहेर पडून वाट चुकू नये म्हणून दाराला घंटी लावली. सकाळी तिला अंघोळीला धरून नेणं, तिची नखं कापणं, हे तो स्वतः करायचा. कामावर निघताना तिच्यापुढे बसून सांगायचा, मी अमुक ठिकाणी चाललोय, इतक्या वाजता येईन. दहा मिनिटांनी ती विचारायची, तो कुठे गेला. वहिनी पुन्हा सांगायची. मी आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी जायचे, फळं ठेवायचे, तासभर बसायचे आणि परत यायचे.

ती बातमी आली तो मंगळवार होता. आमची एक वार्ताहर मुलगी तीन आठवडे तिच्या मागे होती. म्हाताऱ्या आईला इस्पितळात भरती करायचं, खोटा पत्ता लिहायचा आणि निघून जायचं. अशा तीन आया तिने शोधल्या होत्या. बातमी अस्सल होती. पण तिघींपैकी एकीनेही फोटो काढू दिला नाही. “माझ्या मुलाची बदनामी होईल,” असं त्यातली एक म्हणाली होती, आणि मुलीने ते बातमीत लिहिलंही होतं. आमची पहिली आवृत्ती संध्याकाळी सातला सुटते. साडेसहाला संपादक माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“कात्रीबाई, चेहरा द्या. असा द्या की लोकांच्या हातातला कप हातात राहिला पाहिजे.”

मी ‘वृद्धा’ टाइप केलं आणि चार नंबर उघडला. मूळ फोटोत आईच्या मांडीवर तिची पर्स आहे, गळ्याशी वहिनीने दिलेला पिवळा रुमाल आहे आणि कडेला पाण्याचा पेला धरलेला माझा हात आहे. पर्स कापली. हात कापला. पिवळा रंग जायला हवा म्हणून सगळा फोटोच करडा केला. डोळ्यांखाली थोडं गडद केलं. संपादक म्हणाले, “अजून जरा,” मी अजून जरा केलं. वर मथळा आला, ‘मुलगा येईल म्हणून ती अजून बसून आहे’. त्या मथळ्याखाली तो चेहरा असा काही बसला, की मी स्वतःवर खूश झाले. खूश होऊन घरी गेले, जेवले आणि झोपले.

सकाळी दादाचा फोन आला. “आज आईला काय झालंय ते बघितलंस का?” त्याचा आवाज नेहमीसारखा चेष्टेचा नव्हता. मी पेपर उघडला. माझ्याच हातचं पान मी पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं.

बारीक अक्षरं कोण वाचतं? पेपरात तरी ती होती. लोकांनी मोबाईलवर एकमेकांना पाठवताना नुसता मथळा आणि चेहरा ठेवला, बाकीचं कापलं, तेही माझ्याहून सफाईने. दादाच्या गल्लीत आईला सगळेच ओळखत. आई हल्ली खाली उतरत नाही, हे त्यांना माहीत होतं. आता त्याचा अर्थ त्यांना लागला. दाराला घंटी आहे हेही माहीत होतं. ती म्हातारीने पळून जाऊ नये म्हणून लावलीय, असं ठरलं. दुकानदार वहिनीला म्हणाला, “तुम्ही शिकलेसवरलेले लोक.” कुणी त्या दोघांना समोरासमोर काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता तरी आलं असतं.

दादाचा धंदा असा, की लोक त्याला स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, थेट घरात घेतात. ते एकेक करून बंद झाले. पंधरा वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक बाईने फोनवर सांगितलं, “आमच्याकडे नका येऊ. आधी घरी जाऊन आईकडे बघा.” त्या वेळी दादा आईला जेवण भरवत होता. त्याने फोन ठेवला आणि पुढचा घास दिला. हे मला वहिनीने सांगितलं. दादा मला एका शब्दाने बोलला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते.

एक सांगायला हवं. त्या फोटोने काम केलं. ऑफिसात पत्रांचा ढीग पडला, इस्पितळाने मदतकेंद्र उघडलं, आणि त्या तिघींपैकी एकीचा मुलगा लाजेकाजेने का होईना, येऊन तिला घेऊन गेला. हे सांगताना वार्ताहर मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी संपादकांकडे गेले.

“सर, ती माझी आई आहे.”

“माहीत आहे की. चेहरा चांगला आहे.”

“लोक माझ्या भावाला नको नको ते बोलतायत. त्याची कामं गेली.”

“खाली ‘प्रातिनिधिक’ लिहिलं होतं ना?”

“लिहिलं होतं.”

“मग आपण चुकलो कुठे?” ते वाईट माणूस नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी चष्मा काढला. “बरं, दुरुस्ती छापू.”

“तिच्यासोबत फोटो लावू या. आई आणि दादा, दोघं, घरात बसलेले. मी काढून घेते काकांकडून.”

“दुरुस्तीला फोटो लावत नाहीत, कात्रीबाई. नव्या पोरांना तुम्हीच शिकवता.”

खरंच मीच शिकवते. दुरुस्तीला फोटो लावला तर चूक लोकांच्या लक्षात राहते. शेवटी तीन ओळी आल्या, सातव्या पानावर, ‘हरवले आहे’च्या वर. मी आधी फोन करून सांगितलं होतं, तरी वहिनीला त्या शोधाव्या लागल्या. ती कात्रण घेऊन दुकानात गेली. दुकानदाराने ते वाचलं आणि म्हणाला, “आता असं छापणं भागच आहे त्यांना. तुमची नणंद तिथेच आहे ना?”

इथवर आलं होतं ते निभावलं असतं. लोक काही जन्मभर एकच गोष्ट चघळत नाहीत. पण पंधरा दिवसांनी जाहिरात विभागाने तो फोटो म्हाताऱ्यांसाठी सशुल्क निवास चालवणाऱ्या एका कंपनीला दिला. फोटो गाजला होता, त्यांना तोच हवा होता. त्या शनिवारी आम्ही सगळ्यांनी एका कागदावर सह्या केल्या होत्या, की फोटो पेपरच्या मालकीचे. आईच्या वतीने मीच सही केली होती. दादाच्या घरासमोरच्या चौकात तीन मजले उंच फलक लागला. करडा चेहरा, गडद डोळे, आणि खाली: ‘मुलाला वेळ नाही? आम्हाला आहे.’

मी जाहिरात विभागात जाऊन भांडले, हातापाया पडले. ते म्हणाले, दोन महिन्यांचा करार आहे. चौक तरी बदला म्हटलं, तर म्हणाले, त्या चौकात गर्दी असते.

आईची खुर्ची दादाच्या घरी पहिल्या मजल्याच्या खिडकीत असायची, कारण तिथून दादा येताना दिसतो. आता तिथून फलक दिसायला लागला. दादाने खुर्ची आत वळवली; आईने ती पुन्हा ओढून खिडकीशी नेली. पहिले काही दिवस ती वहिनीला विचारायची, “ही बाई कोण गं? ओळखीची वाटते.” वहिनी म्हणायची, “तुम्हीच आहात आई.” आई हसायची. मग हसेनाशी झाली. खाली लिहिलेलं ती मोठ्याने वाचायची, पुन्हा वाचायची. अक्षरं तिला अजून नीट लागत होती. बाकी सगळं पुसलं जात होतं, आणि हे मात्र रोज सकाळी नव्याने समोर उभं असायचं. तशात वरच्या मजल्यावरची बाई एकदा दारात येऊन, वहिनीच्या देखत, आईला म्हणाली, “आजी, पोटभर जेवायला मिळतं ना?” आईने यावर बराच वेळ विचार केला, असं वहिनी म्हणाली.

त्या आठवड्यात मी सुट्टीच्या दिवशी दुपारी गेले. दादा घरीच होता, हल्ली असायचाच. स्वयंपाकघरात तो कुठला तरी जुना नळ उघडून साफ करत बसला होता. आईने मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. मग वाकून तिने पलंगाखालून एक पिशवी ओढली. तिचे कपडे होते, कंगवा होता, बाबांचं घड्याळ होतं.

“चल,” ती म्हणाली.

“कुठे?”

“तुझ्याकडे. तो मला बाहेर काढणार आहे. त्याच्या आधी आपणच निघू. म्हणजे चारचौघांत त्याचीही शोभा व्हायला नको.”

“कुणी सांगितलं तुला असलं?”

“सांगायला कशाला हवं कुणी? पेपरात आलं होतं. आता बाहेर एवढं मोठं लावलंय.”

मी तिला पलंगावर बसवलं. तिचे दोन्ही हात हातात घेतले. डॉक्टरांनी वाद घालू नका म्हटलं होतं, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवलंच नाही. “आई, ऐक. तो फोटो मी लावला. बातमी दुसऱ्याच कुणाची होती आणि चेहरा तुझा लावला. माझी चूक आहे. दादाने काही म्हणजे काही केलेलं नाही.”

आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत तेव्हा विसरलेपणा अजिबात नव्हता. लहानपणी मी शाळेतलं काही लपवलं की ती अशीच बघायची.

“तू लावलास?”

“हो.”

“म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं.”

“आई, तसं नाही...”

“तू तिथे कामाला आहेस. तू असताना माझ्याबद्दल खोटं छापतील? दुसऱ्या पेपरात आलं असतं तर मी लक्षसुद्धा दिलं नसतं.” मग आवाज उतरवून, मायेने म्हणाली, “भावाला पाठीशी घालतेस. घाल. पण मला उगाच वेड्यात काढू नकोस.”

एकोणीस वर्षं ती शेजारीपाजारी सांगत आली होती, की आमची मुलगी पेपरात आहे.

दार ढकलून दादा आत आला. तिच्या तीनच्या गोळीची वेळ झाली होती. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाणी. त्याने पिशवी पाहिली, माझा चेहरा पाहिला, आणि त्याला सगळं कळलं. तरी तो रोजच्याच आवाजात म्हणाला, “आई, गोळी.”

आई मागे सरकली. फार नाही, वीतभरच. पिशवी तिने छातीशी धरली. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, “काय आहे गं त्यात?”

ती विसरायला लागल्यापासून त्याच हाताने तिला खाऊ घातलं होतं. दादा जिथे होता तिथेच उभा राहिला, हात तसाच पुढे. मग त्याने गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

“तू दे. तुझ्या हातून घेईल ती.”

आणि तिने घेतली. माझ्या हातून तिने ती मुकाट्याने घेतली, सगळं पाणी प्यायली आणि तोंड पुसलं. माझी मान वर होईना.

नंतर स्वयंपाकघरात दादा म्हणाला, “घेऊन जा तिला.”

“दादा, चार दिवसांत विसरेल ती हे.”

“मी अंघोळ घातलेली विसरेल. भरवलेलं विसरेल. हे कसं विसरेल? खिडकी उघडली की समोर आहे.” त्याने नळाचे सुटे भाग एका फडक्यात गुंडाळले. “माझ्या हातचं खाणार नसेल तर उपाशी राहील. तुझ्याकडे खाईल तरी.”

मग त्याने मला सांगायला सुरुवात केली. ती डाव्या कुशीवर झोपते. पहाटे उठते तेव्हा दिवा लागलेला हवा, नाहीतर घाबरते. पाणी कोमट लागतं. नखं कापताना करंगळी शेवटी घ्यायची. केस विंचरताना बाबांचा विषय काढू नकोस. मला यातलं एकही माहीत नव्हतं. वहिनी आमच्याकडे पाठ करून पुन्हा पुन्हा तोच ओटा पुसत होती.

पाचच्या सुमारास टॅक्सी आली. दादा पिशवी घेऊन पुढे, मी आईला धरून मागे. गल्लीत उजेड होता आणि सगळ्यांच्या खिडक्या उघड्या होत्या. पडद्यांमागे माणसं उभी होती. दोघी-तिघींनी तर पडद्याचाही आडोसा घेतला नव्हता. वरच्या मजल्यावरच्या बाईने मोबाईल धरला होता. त्यात काय येत असेल ते मला न बघता कळत होतं. टॅक्सीचं उघडं दार, थकलेली म्हातारी, तिची पिशवी गाडीत ठेवणारा मुलगा. मी वर बघून ओरडणार होते. पण काय ओरडायचं ते सुचेना, कारण दिसत होतं ते सगळं खरंच घडत होतं.

दादाने वाकून आईचा पट्टा लावला. तिने तोंड दुसरीकडे वळवलं.

“पोचलीस की फोन कर,” तो मला म्हणाला आणि दार लावून घेतलं.

टॅक्सी निघाली. चौकात सिग्नलला थांबावं लागलं. आईने वर फलकाकडे पाहिलं नाही. पिशवीचे बंद बोटांभोवती गुंडाळत ती समोर बघत बसली होती.

“मागे बघ गं जरा. तो गेला का वर?”

मी वळून पाहिलं. दादा अजून रस्त्यातच उभा होता. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, तरी तो बाजूला झाला नाही.

“नाही. उभाच आहे.”

“बघ,” आई म्हणाली. “मी खरंच गेले का, ते बघतोय.”